रामलिंगअण्णांची खुर्ची

फार वर्षांपूर्वी, नगरपालिकेच्या भोंग्यावर लोक घरातली घड्याळं लावायचे त्या काळी, येळवंडीला रामलिंगअण्णा कासार नावाचे नगराध्यक्ष होते. किती वर्षं होते? कुणी तीस सांगतं, कुणी चाळीस. आमच्या आळीतले म्हातारे तर सांगायचे की आधी अण्णा आले आणि मागून नगरपालिका आली. तेवढं काही खरं नसावं, पण म्हातारे सांगत असले की मान डोलवावी लागते.

अण्णा मूळचे बांगड्या विकणारे. बांगड्या भरून घेता घेता बायका त्यांना नळाचं, गटाराचं, दिव्याचं सगळं रडगाणं सांगायच्या. निवडणुकीला उभं राहावं असं अण्णांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांना उभं केलं त्यांच्या बालमित्रानं, मल्लाप्पा कोरेनं. मल्लाप्पाचा तळ्याच्या खालच्या अंगाला पानमळा होता. दोघंही निवडून आले. अण्णा अध्यक्ष झाले, मल्लाप्पा नगरसेवक झाला.

अध्यक्ष झाल्यावर अण्णांनी एकच नियम केला. तक्रार जिथली असेल, सभा तिथंच भरायची. बाजारपेठेतलं गटार तुंबलं, तर सगळ्या खुर्च्या गटाराच्या काठावर. अध्यक्षांची सागवानी खुर्ची हमाल डोक्यावर घेऊन पुढं चालायचा आणि मागून नगरसेवक धोतरं सावरत यायचे.

"अण्णा, सभागृहात पंखं हायती की," एकदा एक नगरसेवक म्हणाला.

"गटार हिकडं हाय न्हवं?" अण्णा म्हणाले. "मग पंखा हिकडं आणू या."

त्या दिवशी नाकाला रुमाल लावून ठराव मंजूर झाला. येळवंडीच्या इतिहासातलं सगळ्यात मोठं भाषण त्या सभेत दीड वाक्यात संपलं, असं म्हणतात. पुढं पुढं तर हमालानं नुसती खुर्ची डोक्यावर घेतली, की ती कुठल्या आळीकडं निघाली ते बघून तिथले नळ आपोआप वाहू लागायचे, असंही म्हणतात.

अशी वर्षं गेली. मग एका श्रावणात पाऊस लागला तो थांबेचना. तळं काठोकाठ भरलं आणि मातीच्या बांधाला चीर पडली. बांधाच्या एका अंगाला, अगदी पायथ्याशी, खालची पेठ. तिथं दाटीवाटीनं घरं, विणकरांची, कुंभारांची, हमालांची. दुसऱ्या अंगाला सांडवा. सांडव्याच्या फळ्या काढल्या की तळ्याचं पाणी उतरणार, पण ते जाणार सरळ पानमळ्यांत. फळ्या नाही काढल्या आणि बांध फुटला, तर पेठ जाणार.

अण्णांनी सभा बोलावली. कुठं? बांधावरच. पाठीला तळं, समोर पेठ, डोक्यावर पाऊस. नगरसेवकांत निम्मे मळेवाले होते, निम्मे पेठेतले.

मल्लाप्पा उठला. "बांध आमच्या आज्यापंज्यांनी घातलाय. तो फुटायचा न्हाई. एक दीस थांबा. येल एकदा कुजला की पुन्हा धरायला वर्सं जात्यात."

"आन् चुकून फुटला तर?" पेठेतला एक जण ओरडला. "माणसं कुठल्या मातीतनं उगवायची?"

हात वर झाले. इकडं जेवढे, तिकडंही तेवढेच. अशा वेळी अध्यक्षाचं मत निर्णायक असतं. सगळे अण्णांकडं बघू लागले.

मल्लाप्पा जवळ आला. "रामलिंगा, हात वर करायच्या आधी माझ्याकडं बघ."

अण्णांनी त्याच्याकडं बघितलं. नजर काढली नाही. तसंच बघत बघत त्यांनी फळ्या काढण्याच्या बाजूनं हात वर केला.

फळ्या निघाल्या. पाणी असं गर्जत सुटलं की तीन कोसांवर गोठ्यातल्या गाई उठून उभ्या राहिल्या, असं म्हणतात. संध्याकाळपर्यंत पेठ वाचली आणि मळे बुडाले. सगळ्यात पुढं मल्लाप्पाचा मळा होता, त्याचं तर नावही उरलं नाही. वेल गेले, वेलांच्या आधाराची पांगाऱ्याची झाडं गेली, गुडघाभर गाळ राहिला. बांध खरोखर फुटला असता का? ते आजही येळवंडीत ठरलेलं नाही. चहाच्या टपरीवर विषय काढून बघा, भांडणं होतील.

मल्लाप्पानं नगरसेवकपद सोडलं आणि अण्णांशी बोलणं सोडलं.

पुढची सभा जवळ आली. या वेळी तक्रार कुणाची, हे सांगायला कुणी नको होतं. खुर्च्या मल्लाप्पाच्या मळ्यातल्या गाळात मांडल्या गेल्या. पण अण्णा बसेनात. बांगड्यांची पेटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या कासाराची एक रीत असते. घरधनी 'बसा' म्हटल्याशिवाय कुणाच्या जागेत बूड टेकायचं नाही. मल्लाप्पा लांब झोपडीच्या दारात बसून होता. त्यानं 'बसा' म्हटलं नाही. अण्णा उभे राहिले. अध्यक्षच उभे, मग बाकीचे कसे बसणार?

सभा संपली. पुढची सभाही तिथंच. त्याच्या पुढचीही. उभं राहून सगळ्यांच्या पायाला कळा यायला लागल्या. मग एकानं फावडं उचललं. नुसतं उभं राहण्यापेक्षा गाळ उपसलेला बरा, असा त्याचा हिशेब. हळूहळू सगळीच सभा गाळ उपसायला लागली. पेठेतली माणसं टोपल्या घेऊन आली. ठराव फावड्यावर हात टेकून मंजूर होऊ लागले. मळेवाल्यांनी पांगाऱ्याची नवी दांडकी रोवली, शेजारच्या गावांतून वेलांच्या कांड्या आणून लावल्या. मल्लाप्पाच्या मळ्यापासून सुरुवात करून ते सगळे मळे मोकळे करत गेले, आणि प्रत्येक सभेला पुन्हा मल्लाप्पाच्याच मळ्यात येऊन उभे राहिले. अण्णांची रिकामी खुर्ची तेवढी जागची हलली नाही. तिचे पाय ओल्या मातीत रुतून बसले होते.

दिवाळी झाली. संक्रांतही झाली. आणि एके दिवशी सकाळी खुर्चीच्या पायाला पालवी फुटलेली दिसली, असं म्हणतात. खुर्ची सागवानी, रंधा मारून रोगण लावलेली. तिला पालवी कशी फुटेल, हे मला विचारू नका. शेजारच्या पांगाऱ्याचा कोंब तिच्या पायाला लागून वर आला असेल, असं एक मास्तर सांगायचे. त्या मास्तरांचं गावात कुणाशी पटायचं नाही.

अण्णा सभेला आले आणि नेहमीसारखे खुर्चीच्या बाजूला उभे राहिले. तेव्हा मल्लाप्पा दारातून उठला. चालत आला. खाली वाकून त्यानं ती पालवी बघितली, बराच वेळ बघितली.

"मी अजून विसरलो न्हाई, रामलिंगा," तो म्हणाला.

"विसरू नगंस," अण्णा म्हणाले.

"पर म्हातारा झालास. किती उभा राहशील?" मल्लाप्पानं आत जाऊन स्वतःचं घोंगडं आणलं आणि मातीवर अंथरलं. "हितं बस. त्या खुर्चीत नगं. कोवळं पान हाय, मोडंल."

अण्णा घोंगड्यावर बसले आणि सगळ्यांच्या देखत रडले. त्यानंतरही ते कितीतरी वर्षं अध्यक्ष होते. शेवटपर्यंत त्यांनी पुष्कळ कामं केली, रस्ते केले, दवाखाना केला. ते सगळं दगडावर कोरलेलं आहे, ज्याला हवं त्यानं वाचावं.

लोकांनी धरून ठेवलं ते मात्र वेगळं. आजही येळवंडीत नवा अध्यक्ष निवडून आला, की त्याची पहिली सभा सभागृहात होत नाही. आधीच्या वर्षी नगरपालिकेच्या ठरावानं ज्याचं सगळ्यात जास्त नुकसान झालं असेल, त्याच्या दारात ती भरते. कुणाची भिंत रस्त्यात गेलेली असते, कुणाचं दुकान उठलेलं असतं. नवा अध्यक्ष हार काढून ठेवतो आणि उभा राहतो. घरधनी 'बसा' म्हणेपर्यंत बसत नाही. बहुतेक लोक लगेच म्हणतात. एका वर्षी ठरावानं जिची विहीर बुजवली गेली होती, त्या बाईनं दिवेलागणीपर्यंत म्हटलं नाही. सगळं गाव तिच्या दारात उभं होतं, आणि तिला कुणी घाई केली नाही.