साडेसहाचं शटर

"वायरचं बसवू की वायरलेस, उस्ताद? एवढं एक सांगा, मी निघतो."

पारिस मगदूम बंद शटरला तोंड लावून विचारत होता. सकाळचे सात वाजायचे होते. आत दस्तगीर उस्ताद होते हे नक्की, कारण त्यांचा खोकला ऐकू येत होता.



मिरजेतल्या या गाळ्यात उस्तादांच्या हाताखाली पारिस सहा वर्षं शटरचं काम शिकला. आता पुण्यात त्याच्याकडे बारा माणसं कामाला होती आणि त्यानं बसवलेली शटरं बटण दाबलं की आपली आपण वर जात. विचारायला आला होता खरा, पण उत्तर खिशात घालूनच आला होता.

"उस्ताद...?"

आतून पत्र्यावर तीन थापा पडल्या.

"उचल की रं. का इसरलास?"

पारिसनं मोबाईल खिशात टाकला, वाकला आणि दोन्ही हात शटरखाली घातले. शटर अर्ध्यावर अडकलं. खांदा लावला तेव्हा कुठं ते वर गेलं, आणि जाताना त्याच्या पांढऱ्या शर्टावर ग्रीसचा पट्टा ओढून गेलं.

उस्ताद आत एका लाकडी खोक्यावर बसले होते. त्यांची बीबी वारल्यापासून ते इथंच राहत. एक खाट, एक स्टोव्ह, चार हत्यारं. वर फळीवर पारिसनं गेल्या दिवाळीला पाठवलेली शटरची मोटर होती. तिचा खोकासुद्धा फोडलेला नव्हता.

ते पारिसच्या मनाला लागलं.

"बसवली नाही?"

"न्हाई."

"मग रोज शटर कोण उचलतं? तुमच्यानं तर आता..."

"थापा मारतो. रस्त्यानं जाणारं कुणीतरी उचलतंय."

"आणि कुणीच नसलं तर?"

"बसतो... परवाच्या रविवारी अकरा वाजले."

ज्या माणसानं अर्ध्या गावाला शटरं बसवून दिली, तो अंधारात बसून कुणाच्या तरी पायरवाची वाट बघत होता. 

"बोल. शटर कुणाचं?" उस्तादांनी विचारलं.

"अण्णांचं."

अण्णा म्हणजे पारिसचे वडील. जयसिंगपुरात त्यांचं किराणा दुकान, आणि दुकानाच्या मागंच दोन खोल्यांचं घर. आई गेली तरी त्यांनी गाव सोडलं नाही. रोज सकाळी साडेसहाला त्यांचं शटर वर जाई. गेल्या महिन्यात ते पहाटे मोरीत घसरून पडले. सात वाजून गेले तरी शटर खालीच, म्हणून समोरच्या सलूनमधला दत्तू हाका मारून दमला आणि शेवटी मागची भिंत चढून आत उतरला. अण्णांचा खांदा मोडला होता.

"दत्तूचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाला रिमोट दाखवत होतो," पारिस खाली बघत म्हणाला. "आता त्यांचा हात वर होत नाही. मोटर तर बसवायलाच हवी."

"वायरच्यात काय व्हतंय?"

"भिंत फोडून वायर न्यायची, बटण दुकानात. अण्णांनी रोज उठून तिथवर चालत यायचं आणि दाबायचं."

"आणि दुसऱ्यात?"

पारिसचा चेहरा खुलला. "सगळं मोबाईलवर! अण्णांनी उठायलासुद्धा नको. मी पुण्यातून उघडणार, रोज साडेसहाला. मी विसरलो तरी आपोआप उघडेल."

"तुला कशापायी उघडायचंय?"

हे उत्तर मात्र खिशात नव्हतं.

"एकटे असतात ते, उस्ताद. माझं काही जाणं होत नाही... निदान रोज शटर तरी माझ्या हातानं वर जावं..."  

उस्तादांनी मांडीवरचं फडकं उचललं आणि त्याच्या शर्टावरचं ग्रीस पुसू लागले. ते आणखीच पसरलं.

रस्त्यानं पाववाला सायकलवरून येत होता. गाळ्याजवळ आल्यावर त्यानं वेग कमी केला आणि एक पाय जमिनीला टेकवला. शटर वर दिसलं, तसा आत न बघताच तो पुढं निघून गेला.

"रविवार सोडला तर ह्योच उचलतोय," उस्ताद म्हणाले. "रोज इचारतो, चाचा, बरं हाय न्हवं?"

पारिसनं मान वळवून सायकलीकडे बघितलं.

"तुझं ते मोबाईलचं... चुकत न्हाई न्हवं?"

"छे! एक मिनिट इकडचं तिकडं होणार नाही."

"मग अण्णा मोरीत पडल्यालं, त्या दिवशीबी साडेसहालाच उघडलं असतं?"

"हो तर! अगदी ठोक्याला..."

बोलता बोलता पारिस थांबला.

उस्ताद अजून सायकल गेली त्या वाटेकडेच बघत होते.

"मग दत्तू भिंतीवर कशाला चढला असता, पोरा?"