सरदारांची पगडी आणि वांग्यांचे वाफे

सरदार हैबतराव लेकीच्या सासरी आले, तेच नाक मुरडत. परसात त्यांच्या विहीणबाईंनी, भिवराबाईंनी, वांग्यांच्या वाफ्यांवर वाळक्या पाल्याचा वीतभर थर पसरला होता.

"हा काय उकिरडा?" सरदार गरजले. "या घरात केरसुणी नाही वाटतं? आमची म्हाळसा असल्या घाणीत राहणार नाही. चल गं, मेण्यात बस!"

म्हाळसा रडवेली झाली. भिवराबाई मात्र जागच्या हलल्या नाहीत.

"व्याहीबुवा, तो केर नव्हे, जमिनीचं पांघरूण आहे. त्याच्याखाली तण उगवत नाही."

"काहीतरीच! पुरावा दाखवा."

"पुरावा तर तुम्हीच डोक्यावर घेऊन आलात की!"

सरदारांचा हात पगडीकडे गेला. ती पगडी ते झोपतानासुद्धा काढत नसत.

"इतकी वर्षं झाकून ठेवलंय," भिवराबाई गोड आवाजात म्हणाल्या. "जरा उचलून दाखवा बरं, खाली एक तरी काडी उगवलीय का!"

म्हाळसेनं तोंडात पदर कोंबला. सरदार लालबुंद झाले. ते ओरडणार, तोच भिवराबाई म्हणाल्या, "आणि झाकलेल्या जमिनीचा कसही वाढतो. म्हणून तर तुमच्या अकलेचं एवढं नाव आहे. का तेवढं खोटं?"

आता खोटं कसं म्हणायचं? "खरं आहे," सरदार पुटपुटले. "म्हाळसा इथंच राहू दे."

निघताना मात्र ते भिवराबाईंपाशी थबकले. इकडेतिकडे बघत, पगडी सावरत त्यांनी हळूच विचारलं, "विहीणबाई, पांघरूण काढलं, तर खाली पुन्हा उगवतं का हो?"