नारळ कोणी फोडायचा?

कुस्तीसाठी बांधलेली आणि फुटबॉलसाठी ओळखली जाणारी एक तालीम एका गावातल्या जुन्या पेठेत होती. पैलवान कमी होत गेले, पण पेठेची खुमखुमी काही कमी झाली नाही. ती मातीतून उठली आणि चेंडूमागे धावू लागली. तालमीचे वृद्ध वस्ताद उमेदीच्या काळात कुस्ती आणि फुटबॉल दोन्ही खेळलेले. आता ते रोज संध्याकाळी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसत आणि बोलत फार कमी.

त्यांच्या हाताखाली तयार झालेला धैर्यशील तेरा वर्षांखालच्या मुलांना शिकवत असे. शिष्य मोठा जिद्दीचा. त्याने संघ हाती घेतला आणि त्याच वर्षी पेठेत चषक आणला. पुढच्या वर्षी पुन्हा आणला आणि मग जणू सवयच लागली. मिरवणुका निघाल्या, गुलाल उधळला, चौकाचौकात त्याचे फलक लागले. तालमीचे आश्रयदाते शेठ म्हणजे गुळाचे एक बडे व्यापारी. त्यांनी भर सभेत शब्द दिला की यंदाही चषक आला तर तालमीचा मोठा संघ धैर्यशीलच्या हाती देऊ. मोठ्या संघाचा प्रशिक्षक व्हायचे हे धैर्यशीलचे लहानपणापासूनचे स्वप्न. तो दिवसरात्र त्याच ध्यासाने पछाडलेला होता.

त्याची पद्धत सोपी होती. त्या वयात एखादा पोरगा इतरांच्या आधी वाढतो. त्याला मिसरूड फुटते, खांदे भरतात आणि समोरची पोरे त्याच्या काखेत मावतील अशी दिसू लागतात. असा एक पोरगा हेरायचा, त्याला पुढे उभा करायचा आणि बाकीच्यांना बजावायचे की चेंडू आला की डोके चालवू नका, लांब मारा, त्याच्याकडे मारा. पुढचे तो बघून घेईल. आणि खरोखरच तो बघून घेई. यंदा हे काम मल्हार नावाच्या उंचपुऱ्या मुलाकडे होते आणि त्याच्या जोरावर संघ अंतिम सामन्यात पोहोचलाही होता.

अंतिम सामन्याच्या आठवडाभर आधी तालमीत चेंडूची पूजा करायची, त्याला कुंकू लावायचे आणि वस्तादांच्या हातून नारळ फोडायचा, अशी तिथली रीत. त्याही वर्षी मुले जमली. चेंडू लाल मातीवर ठेवला गेला. वस्तादांनी नारळ हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

ते म्हणाले, “धैर्या, तू पहिला चषक आणलास, त्या संघातली पोरं आता अठराची झाली असतील. त्यातलं जे कोण आजही मैदानात खेळतंय, त्याच्या हातून नारळ फोडू. जा, घेऊन ये.”

धैर्यशीलला हसू आवरेना. म्हातारपणी माणूस हळवा होतो, तसे काहीतरी असेल, असे त्याला वाटले. एवढ्या पोरांतले चार-पाच तरी सहज मिळतील. तो आनंदाने निघाला. आपल्या हातची पोरे बघायला कोणाला आवडत नाही?

त्या संघाचा गोलरक्षक एका छापखान्यात कागद कापत होता. सरांना पाहून त्याला खरेच आनंद झाला, त्याने चहा मागवला. पण खेळ? तो केव्हाच सुटला होता. दुसरा, एक बचावपटू, मोबाइलच्या दुकानात भेटला. त्याने काहीही न लपवता सांगितले, की वरच्या गटात गेल्यावर चेंडू पायात आला म्हणजे पुढे काय करायचे हेच त्याला कळत नसे. लांब मारला तर समोरचे आरामात अडवत आणि दुसरे काही येत नव्हते. तिथले प्रशिक्षक ओरडू लागले, तेव्हा त्याने जाणेच बंद केले. तिसऱ्याकडे, चौथ्याकडे, नावे बदलत गेली पण हकिगत तीच. धैर्यशीलची पावले जड होऊ लागली. तरी एक आशा होती, ती म्हणजे संताजी. पहिल्या चषकाचे जवळजवळ सगळे गोल संताजीचे. त्याला तर लोकांनी खांद्यावरून पेठभर मिरवला होता.

संताजी घरासमोर मोटारसायकल धूत होता. धैर्यशीलने त्याला आधी ओळखलेच नाही. त्याच्या डोळ्यांसमोर जो ताडमाड पोरगा होता तो आता चारचौघांसारखा, किंबहुना थोडा बुटकाच दिसत होता. वाढ आधी झाली आणि आधीच थांबली. धैर्यशीलने वस्तादांचा निरोप सांगितला आणि नारळ फोडायला चल म्हटले. संताजीने पाण्याचा नळ बंद केला.

“सर, सगळी माझ्याएवढी झाली,” तो म्हणाला. “मग माझ्याकडं काय राहिलं? मला तेवढंच येत होतं. मला नका नेऊ तिथं. लाज वाटते.”

ती लाज त्याने कमावलेली नव्हती. पण ती त्याच्या चेहऱ्यावर होती आणि धैर्यशीलला ती पाहवेना. तो परत फिरला. तालमीत वस्ताद एकटेच बसले होते. चेंडूवरचे कुंकू वाळले होते.

धैर्यशीलने खाली मान घालून सांगितले, की एकही नाही.

वस्ताद म्हणाले, “मला ठाऊक होतं. मोठ्या संघात दरवर्षी बाहेरगावची पोरं आणावी लागतात, ती काय हौस म्हणून? लेका, तू चषक आणलेस, ते खोटं नाही. पण संताजीची उंची तू घडवली नव्हतीस. ती देवानं त्याला दिली होती, तू ती वापरलीस. आणि बाकीच्या पोरांना तीच उंची वापरायच्या कामाला जुंपलंस. तेराव्या वर्षी जिंकायला जे लागतं ते त्यांना मिळालं. अठराव्या वर्षी खेळायला जे लागतं ते द्यायचं राहून गेलं. आणि मीही मुकाट्यानं नारळ फोडत बसलो. यंदा हात उठेना.”

“पण वस्ताद, हा सामना हरलो तर मोठा संघ गेला माझा.”

“जाईल,” वस्ताद शांतपणे म्हणाले. “तुझा सामना आहे. तू ठरव.” नारळ त्या वर्षी फुटलाच नाही.

त्या रात्री धैर्यशीलला झोप लागली नसेल, हे सांगायला नको. सकाळी मात्र तो मैदानात उतरला तो ठाम होऊन. त्याने मुलांना सांगितले की उंच चेंडू बंद. गोलरक्षक इरफानने चेंडू जवळच्या गड्याच्या पायात द्यायचा, त्याने मान वर करून बघायचे आणि मग पुढे. मल्हारला सांगितले, की तूही शिक. तुला अंगाने चेंडू अडवून धरता येतो, तो घेऊन वळता येत नाही. मल्हारचे तोंड एवढेसे झाले. आठवडाभर पोरांची नुसती तारांबळ उडाली. पास चुकत होते, पोरे एकमेकांवर चिडत होती. धैर्यशील मात्र न ओरडता पुन्हा पुन्हा तेच करून घेत राहिला.

अंतिम सामन्याला अख्खी पेठ लोटली. इरफानने पहिलाच चेंडू जवळच्या गड्याला दिला, तेव्हा लोक हसले. दुसऱ्यांदा दिला, तेव्हा शिव्या पडल्या. आणि मग जे व्हायचे ते झालेच. इरफानचा पास कच्चा पडला, समोरच्याने तो मधेच उचलला आणि गोल केला. पोरगा गोलखांबाला टेकून रडू लागला. मंडपातून शेठचा माणूस धावत आला आणि निरोप देऊन गेला, की हे चोचले पुरे, मल्हारकडे उंच मारा.

मध्यंतरात सगळी पोरे धैर्यशीलच्या तोंडाकडे बघत होती. एक शब्द उच्चारला असता, तर सामना फिरला असता, हे त्याला पक्के माहीत होते. मल्हार अजूनही त्या मैदानात सगळ्यांत मोठा होता. पण समोर बसलेल्या मल्हारच्या जागी त्याला बंद नळाशी उभा असलेला संताजी दिसू लागला.

“तसंच खेळा,” तो म्हणाला. “चुकलं तर माझ्या नावावर.”

उत्तरार्धात पोरे थोडी सावरली. एकदा इरफानकडून निघालेला चेंडू चौघांच्या पायांतून फिरत मल्हारपर्यंत पोहोचला. मल्हारने गोलावर मारण्याऐवजी पाठ फिरवून तो एका किरकोळ पोराच्या वाटेत सोडला आणि त्या पोराने गोल केला. शिव्या देणारेही उठून बघू लागले. पण शेवटी समोरच्यांनी अजून एक गोल चढवला आणि सामना गेला.

शेठ बक्षीस समारंभालाही थांबले नाहीत. दिवस मावळायच्या आत निरोप आला, की मोठ्या संघासाठी बाहेरून प्रशिक्षक ठरला आहे. धैर्यशीलला वाईट वाटले. फार वाईट वाटले. एवढ्या वर्षांचे स्वप्न होते ते आणि कोणी कितीही तत्त्वज्ञान सांगितले तरी असे दुःख हलके होत नाही. मैदान रिकामे झाले, तसा तो गवतावर बसून राहिला.

वस्ताद काठी टेकत आले आणि त्यांनी विचारले, की आता पुढे काय.

“ह्याच पोरांबरोबर राहतो,” धैर्यशील म्हणाला. “ही मोठ्या संघात जातील, तेव्हा मी जाईन. नाहीतर नाही गेलो तरी चालेल.”

वस्तादांनी मान डोलावली. आज गावोगावी आपण लेकरांच्या हातात चषक देऊन छायाचित्रे काढतो. ती काढताना एवढेच विचारावे, की ही लेकरे पाच वर्षांनी खेळत असतील का?

इरफान अजून घरी गेला नव्हता. डोळे सुजलेले, हातमोजे मातीने भरलेले. तो भीत भीत पुढे आला आणि त्याने विचारले, “सर, पुढच्या वेळी लांबच मारू का?”

“नाही,” धैर्यशील म्हणाला. “मान वर कर, मोकळा कोण ते बघ आणि पुन्हा पायातच दे.”

पोराने थोडा विचार केला. मग पलीकडे पडलेला चेंडू उचलून आणून त्याने धैर्यशीलसमोर ठेवला आणि म्हणाला, “मग अजून उजेड आहे की, सर. आत्ताच शिकवा.”

धैर्यशील उठला.