वांग्याची मान

वांगं झाडावर ताठ मानेनं उभं असायचं, त्या काळची ही गोष्ट. एकदा त्याच्या पानांवर रस शोषणारा मावा पडला. पाठीवर ठिपके असलेला एक ढालकिडा रोज येऊन तो मावा मिटक्या मारत खायचा. पण त्याच्या पायांनी वांग्याला गुदगुल्या व्हायच्या.

ते झाड लावणाऱ्या अनुसयाकाकू मिरची-लसणीचं जहाल पाणी घेऊन आल्या. "नक्की कोण छळतंय तुला, बाबा? त्याच्यावरच शिंपडते."

"अंगावर चालणारे सगळेच!" वांगं वैतागून म्हणालं.

काकूंनी सगळीकडे शिंपडलं. ढालकिडा तडफडत खाली पडला. जाता जाता म्हणाला, "खालच्या पानामागे थोडा मावा राहिलाय. तेवढं काकूंना सांग."

वांग्यानं मान खाली घातली. ती आजतागायत वर आलेली नाही.