सगुणाबाईची मूठ

एका वाडीत सगुणाबाई शेलार नावाची एक बाई राहत होती. वाडी जेमतेम वीस घरांची. चैत्री पौर्णिमेला तिथं जोखाईदेवीचा उत्सव असे आणि त्या दिवशी सगळी वाडी देवळाच्या अंगणात एकत्र जेवायला बसे. देवीला नैवेद्य दाखवेपर्यंत पोरंबाळंसुद्धा काही खात नसत. नैवेद्य अडला तर अख्ख्या वाडीला उपास.

हे जेवण वीस वर्षं सगुणाबाईच्या हातचं होतं. तिची तयारी बघण्यासारखी असे. पाडवा झाला की ती हरभऱ्याची डाळ निवडून तिला ऊन दाखवायची. गूळ चिरून डब्यात भरायची, मसाला भाजून कुटायची. बिरड्याचे वाल भिजवून, फडक्यात बांधून त्यांना मोड आणायची. दोन दिवस आधीच सगळं सामान देवळाच्या स्वयंपाकघरात जाऊन बसे. उत्सवाच्या दिवशी बाकीच्या बायका चुली पेटवत, पोळ्या लाटत. पण कशात काय किती घालायचं, हे एकट्या सगुणाबाईला ठाऊक. माप म्हणजे तिची मूठ. आणि पुरणात गूळ घालताना ती दार लोटून घेई.

गेल्या वर्षी शेजारच्या अनसूयेनं सहज विचारलं होतं, “काकी, शंभर पानांना गूळ किती लागतो ओ?”

“तुला काय करायचंय? मी आहे ना अजून?” सगुणाबाई म्हणाली. अनसूयेनं पुन्हा विचारलं नाही.

यंदा उत्सवाच्या आदल्या दिवशी, दुपार कलल्यावर, सगुणाबाईचे चुलतदीर येसबा घाईघाईनं तिच्या दारात आले.

“वहिनी, तोंड गोड करा. आमच्या सदाला मुलगा झाला.”

सगुणाबाईला मनापासून आनंद झाला. आणि लगेच उद्याचा नैवेद्य आठवला. घरात मूल जन्मलं की साऱ्या भावकीला दहा दिवस सोयर. सोयर असलेल्या बाईनं देवीच्या नैवेद्याच्या चुलीपाशी जायचं नाही, हा वाडीचा नियम. नियम शहाणा की खुळा, ते आपण बाजूला ठेवू. वाडीत तो होता आणि सगळे पाळत होते.

“अजून कुणाला सांगितलंत?” तिनं विचारलं.

येसबांनाही पेच कळत होता. “नाही. पहिला तुमच्याच दारात आलो. तुम्ही म्हणत असाल तर उद्या जेवणं आटपल्यावर सांगतो. बाळ काही कुठं पळून जात नाही.”

सगुणाबाईला मोह पडला. मोह साधासुधा नव्हता. वीस वर्षांचं नाव होतं. शिवाय आपल्याशिवाय हे जेवण कुणाला जमणार नाही, अशी तिची खात्रीच होती. पण तीन वर्षांपूर्वीची एक गोष्ट तिला आठवली. अनसूयेच्या भावकीत असंच बाळ झालं होतं, आणि पोळ्या लाटायला बसलेल्या अनसूयेला हिनंच पोळपाटावरून उठवलं होतं. चारचौघींत. तेव्हा देवीचा नियम म्हणून ती ताठ मानेनं बोलली होती. आता तोच नियम गिळून टाकायचा, हे तिच्या मनाला पटेना. तिला स्वतःचीच लाज वाटली.

“आत्ताच सांगा सगळ्यांना,” ती म्हणाली आणि उठून थेट अनसूयेच्या घरी गेली. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, “उद्याचं जेवण तुला करायचंय.”

अनसूयेच्या हातातलं सूप तसंच राहिलं. “मला? काकी, मला तर त्यातलं काहीच ठाऊक नाही.”

ठाऊक नव्हतं, कारण सगुणाबाईनंच होऊ दिलं नव्हतं. पंधरा दिवसांची तयारी देवळातल्या फळीवर मांडून ठेवलेली, आणि ती कशी वापरायची हे सांगायला वाडीत दुसरं माणूस नाही. वाल आज संध्याकाळी सोलले नाहीत तर उद्या बुळबुळीत होणार, एवढंही कुणाला माहीत नव्हतं.

“चल, सांगते,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी बायका वाल सोलायला बसल्या, आणि सगुणाबाई देवळाच्या बाहेरच्या पायरीवर. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती पुन्हा तिथंच येऊन बसली. आत डाळ शिजली. अनसूया दारात येऊन उभी राहिली.

“काकी, गूळ?”

हे सगुणाबाईनं घरच्या सुनेलाही सांगितलं नव्हतं. आता ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “डाळीइतकाच. वर चार मुठी.”

“कुणाच्या मुठी?”

सगुणाबाईनं आपला हात पाहिला, अनसूयेचा पाहिला. “तुझ्या असतील तर सहा घाल.”

मग अनसूया विचारत गेली आणि सगुणाबाई सांगत गेली. कटाच्या आमटीला मसाला किती घालायचा, बिरड्याला नारळ कधी घालायचा, सगळं. दोन बायका नुसत्या ऐकत उभ्या राहिल्या, त्यांनाही तिनं हाकललं नाही. एक पोळी फुटली, भात थोडा खाली लागला. पण उन्हं डोक्यावर यायच्या आत नैवेद्य झाला आणि पंगत बसली.

सगुणाबाई पंगतीच्या टोकाला बसली. अनसूयेनं तव्यावरची पोळी आणून तिच्या पानात वाढली, वर तूप घातलं आणि तिथंच उभी राहिली. “बघा बरं, गूळ बरोबर पडलाय का?”

सगुणाबाईनं घास घेतला. वीस वर्षं ती सगळ्यांत शेवटी, निवलेली पोळी खात आली होती. या उत्सवाची गरम पोळी कशी लागते, ते तिला आज पहिल्यांदा कळलं. तिचे डोळे भरून आले.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “अजून एक वाढ.”

तात्पर्य: तयारी कितीही आधीपासून केली, तरी ती एकाच्याच डोक्यात राहिली तर अर्धीच. आपण बाजूला झालो तरी चार जणांच्या हातून जी पार पडते, तीच पुरी तयारी.