मूठ माफ झालेलं रान

ऐका बायांनो, आटपाट रान होतं. तिथे अस्वल राज्य करीत होतं. रानाचा एक वसा होता. दर पुनवेला प्रत्येक जनावरानं राजाच्या कोठारात मूठभर दाणे टाकायचे, आणि मूठ टाकताना राजाला एक प्रश्न विचारायचा. उत्तर दिल्याशिवाय राजानं त्या मुठीतलं खायचं नाही.

साळूबाई साळिंदरीण नेहमी एकच विचारी, पाणवठ्याचा गाळ कधी काढणार? राजा वैतागे. पण भूक लागली की रानडुकरांना धाडून गाळ काढवून घेई. रान गरीबच होतं, पाणी मात्र नितळ होतं.

एके वर्षी काळ्या कड्यावर मध सापडला. पोळी कसली, अख्खा कडाच ठिबकत होता. नदीपलीकडचे कोल्हे होड्या घेऊन आले. मध नेला, राजाला मऊ गादी दिली, पहाऱ्यावरच्या लांडग्यांना लोखंडी नख्या दिल्या. प्रधान होती घोरपड. एकदा धरलं की सोडत नसे, म्हणूनच ते पद तिला मिळालं होतं. तिनं दवंडी पिटली, "प्रजेच्या कष्टाची मूठ राजाच्या घशाखाली उतरत नाही. आजपासून मूठ माफ. शिवाय दर पुनवेला घरटी एक बोट मध."

रानानं गुलाल उधळला. साळूबाईनं तर राजाला ओवाळलं.

दाणे वेचायला मग कोणी जाईना. कड्यावर बसेल तो राजा, हे लांडग्यांनाही कळलं. अस्वलाला हुसकून एक लांडगा बसला, त्याला दुसऱ्यानं ढकललं. राजे बदलत गेले. गादी तीच राहिली, घोरपडही तीच. पाणवठ्याकडे कोण बघणार? त्याचा चिखल झाला. तो पिऊन साळूबाईचं धाकटं पिल्लू अंथरुणाला खिळलं.

ती दरबारात गेली. म्हणाली, "राजा, पाणवठ्याचा गाळ..."

घोरपडीनं मायेनं विचारलं, "मूठ आणलीत का, साळूबाई?"

"मूठ तुम्हीच माफ केलीत ना?"

"मग प्रश्नही माफ."

साळूबाई घरी गेली, उतरंडीच्या तळातले दाणे खरवडून मूठ भरून आणली. दारावरच्या लांडग्यानं तिला अडवलं. राजाला लाच देते म्हणून दाणे जप्त केले.

पुढे घोरपडीनं राजा निवडायला निवडणूक लावली, तेव्हा साळूबाई उभी राहिली. दारोदार जाऊन हळू आवाजात सांगू लागली, निवडून द्या, मी पुन्हा मूठ घेईन. शेजारची सशीण म्हणाली, "अहो वहिनी, देवाच्या दयेनं सुटलं ते लोढणं पुन्हा गळ्यात घालता होय?" साळूबाईच्या विरोधात उभा असलेला लांडगा दोन बोटं मध देणार होता.

साळूबाईला एकच मत पडलं, तिचं स्वतःचं. घरी येऊन तिनं पिल्लाच्या कपाळावर हात ठेवला आणि नवऱ्याला विचारलं, तुमचं कुणाला? तो दुसरं बोट चाटत होता.

मधाची कहाणी इथे संपूर्ण झाली. सुफळ झाली की दवंडी पिटतीलच.