जमालगोट्याची पुडी

रंगाच्या कारखान्याचे मालक अण्णासाहेब ढमाले छाती फुगवायला लागले की सदऱ्याच्या गुंड्यांची धडगत नसे. गावच्या विहिरींना तांबडं पाणी यायला लागलं, म्हणून भूजलाच्या संशोधक मृणाल खरात तपासणीला आल्या. अण्णासाहेबांनी त्यांना सांडपाण्याचा खड्डा दाखवला.

"पक्कं सिमेंट आहे, मॅडम! थेंब झिरपत नाही. रिपोर्टात लिहा तसं."

मृणालबाईंनी पर्समधली पुडी खड्ड्यावर धरली. "मग हा जमालगोटा टाकून बघते."

"अहो, थांबा!" अण्णासाहेब किंचाळले. "उद्या पोरीचा साखरपुडा आहे! हे आमच्या बोअरमध्ये उतरलं तर व्याही-विहिणी परसाकडे पळतील!"

मृणालबाईंनी पुडी उघडून त्यांच्यापुढे केली.

"घ्या, बडीशेप आहे. हं, रिपोर्टात काय लिहू म्हणालात?"